मधुमेही मांजरांमधील तीव्र रक्तशर्करान्यूनता

मधुमेही मांजरांमधील तीव्र रक्तशर्करान्यूनता (हायपोग्लायसेमिया) ही इन्शुलिनवर असलेल्या मांजराच्या रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत कमी होण्याची अवस्था आहे. रक्तातील ग्लुकोज साधारणतः ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या (सुमारे ३.३ मिलिमोल प्रति लिटर) खाली गेल्यास ही अवस्था निर्माण झाली असे पशुवैद्यकात मानतात. निरोगी मांजरात हे प्रमाण बहुधा ७० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. मांजरांच्या मधुमेहावरील उपचारांत याहून तातडीचा धोका क्वचितच असतो. वाढलेली साखर शरीराला दिवसांच्या व महिन्यांच्या हिशेबाने इजा करते, तर अतिशय कमी झालेली साखर मेंदूला मिनिटांच्या व तासांच्या हिशेबाने इजा करते.

झटका ओसरून साखर पूर्ववत झाली तरी उपचार संपत नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत तीन प्रश्न सोडवावे लागतात: इन्शुलिन पुन्हा केव्हा व किती द्यायचे, मेंदूला झालेली इजा कितपत भरून येईल आणि मांजराला इन्शुलिनची गरज मुळात उरली आहे का. जुनी मात्रा घाईने पुन्हा सुरू केल्यास दुसरा झटका येऊ शकतो. भीतीपोटी इन्शुलिन दीर्घकाळ बंद ठेवल्यास किटोॲसिडोसिस हा तितकाच प्राणघातक विकार उद्भवू शकतो.

मांजरांचा मधुमेह

मांजरांमधील मधुमेह बहुतांशी माणसांच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. शरीरातील पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, स्वादुपिंडातील बीटा पेशींवर ताण येतो आणि त्यांच्या आसपास ॲमिलॉइड नावाचा प्रथिनयुक्त पदार्थ साचत जातो. लठ्ठपणा, वाढते वय, घरात बसून काढलेले आयुष्य आणि स्टेरॉइड औषधे हे जोखमीचे घटक होत. खच्ची केलेल्या बोक्यांत हा आजार मांजरींपेक्षा अधिक दिसतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील बर्मी जातीच्या मांजरांतही त्याचे प्रमाण जास्त आहे.

कुत्र्यांच्या मधुमेहात बीटा पेशी सहसा कायमच्या नष्ट होतात व इन्शुलिन जन्मभर लागते. मांजरांच्या बीटा पेशी मात्र साखर काही काळ आटोक्यात राहिली की अंशतः सावरू शकतात. म्हणून मांजराची इन्शुलिनची गरज स्थिर नसते. गेल्या महिन्यात योग्य असलेली मात्रा या महिन्यात जादा ठरू शकते, आणि इन्शुलिनच्या अतिमात्रेची प्रकरणे कुत्र्यांपेक्षा मांजरांत अधिक दिसण्यामागे हेही एक कारण आहे.

कारणे

सर्वांत सरळ कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन टोचले जाणे. मांजराला सुरुवातीला दर बारा तासांनी साधारण एक ते दोन एकक इतकेच इन्शुलिन लागते. यू-१०० प्रकारच्या इन्शुलिनमध्ये एक एकक म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. इतक्या लहान मापात सिरिंजवरची एखादी रेघ चुकली तरी मात्रा दुप्पट होते. माणसाच्या बाबतीत एका एककाची चूक बहुधा खपून जाते, चार किलोच्या मांजराच्या बाबतीत ती खपत नाही.

घरातील एकाने सकाळी इंजेक्शन दिले आहे हे ठाऊक नसल्याने दुसऱ्याने ते पुन्हा देणे, ही दुहेरी मात्रेची नेहमीची कथा आहे. इंजेक्शन दिल्याची वेळ लगेच लिहून ठेवण्याची वही किंवा फ्रिजच्या दारावरचा तक्ता हा त्यावरचा साधा व परिणामकारक उपाय मानला जातो. सुई कातडीतून आरपार गेली व औषध केसांत सांडले अशी शंका आल्यास इंजेक्शन पुन्हा देऊ नये, असा सर्वमान्य नियम आहे. एखादी मात्रा हुकल्याने सहसा गंभीर काही होत नाही. दोन मात्रा एकदम गेल्यास मात्र जीव धोक्यात येतो.

सिरिंजची गल्लत हे भारतात विशेष महत्त्वाचे कारण आहे. इन्शुलिन यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० एकके) आणि यू-१०० (एका मिलिलिटरमध्ये १०० एकके) अशा दोन तीव्रतांत मिळते व प्रत्येकीसाठी वेगळी सिरिंज असते. यू-४० सिरिंजचे टोपण लाल आणि यू-१०० सिरिंजचे नारिंगी असते. अनेक देशांत माणसांसाठी केवळ यू-१०० वापरले जाते व यू-४० हे जवळपास प्राण्यांपुरतेच उरले आहे. भारतातील औषधांच्या दुकानांत मात्र माणसांच्या वापराच्या यू-४० बाटल्या व लाल टोपणाच्या सिरिंजा आजही सर्रास मिळतात. मांजरांसाठी नेहमी वापरले जाणारे ग्लार्जिन हे इन्शुलिन बहुधा यू-१०० तीव्रतेचे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजने ‘दोन एकक’ म्हणून ओढल्यास प्रत्यक्षात पाच एकके टोचली जातात. उलट गल्लत झाली, म्हणजे यू-४० इन्शुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दिले, तर मात्रा अडीच पटीने कमी पडते. अशा वेळी साखर उतरत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली जाते आणि पुढे कोणी योग्य सिरिंज आणली की त्याच आकड्याने झटका येतो.

मात्रा बरोबर असूनही साखर घसरू शकते. मांजराने खाल्ले नाही किंवा खाल्लेले ओकून टाकले, तरी ठरलेले इन्शुलिन दिले गेले, असे घडते. कोरड्या दाणेदार खाद्यावरून कमी कर्बोदकांच्या ओल्या खाद्यावर अचानक आणल्यास इन्शुलिनची गरज काही दिवसांतच उतरते. खाद्यबदल स्तुत्य असला तरी त्याबरोबर मात्रा न घटवणे धोक्याचे असते. वजन कमी होणे, स्टेरॉइड औषध थांबणे, हिरड्यांचा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बरा होणे यांमुळेही पेशी इन्शुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागतात. मूत्रपिंडे निकामी होत असल्यास इन्शुलिन शरीराबाहेर पडण्यास वेळ लागतो व त्याचा परिणाम लांबतो.

शरीरक्रिया

इन्शुलिनमुळे येणाऱ्या झटक्यांची ओळख इन्शुलिनच्या शोधाइतकीच जुनी आहे. टोरांटो येथे १९२१–२२ च्या हिवाळ्यात जेम्स कॉलिप यांनी स्वादुपिंडाचा शुद्ध केलेला अर्क सशांना टोचला तेव्हा त्यांना आकडी येत असे व ग्लुकोज दिल्यावर ती थांबत असे. इन्शुलिनचे ‘एकक’ सुरुवातीला याच निरीक्षणावर बेतले गेले: उपाशी सशाची साखर आकडीच्या पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा. आज मांजराच्या सिरिंजवर जे आकडे वाचले जातात त्यांचे मूळ असे आकडीत आहे.

मेंदू ग्लुकोजचा साठा करू शकत नाही; रक्तातून होणाऱ्या अखंड पुरवठ्यावर तो चालतो. साखर उतरू लागली की निरोगी शरीर प्रथम स्वतःचे इन्शुलिन स्रवणे थांबवते, नंतर ग्लुकॅगॉन व ॲड्रिनलिन सोडून यकृतातील ग्लायकोजेनपासून ग्लुकोज तयार करवते, आणि पुढे कॉर्टिसॉल व वृद्धिसंप्रेरकाची मदत घेते. टोचलेले इन्शुलिन शरीराला मागे घेता येत नाही, त्यामुळे पहिला बचाव मधुमेही मांजरात निकामी ठरतो. मांजर उपाशी असेल किंवा यकृत आजारी असेल तर ग्लायकोजेनचा साठाही अपुरा पडतो. माणसांत असे दिसून आले आहे की वारंवार साखर उतरल्यास ॲड्रिनलिनचा प्रतिसाद बोथट होतो व पुढचा झटका पूर्वसूचनेशिवाय येतो. एका झटक्यानंतरचे दिवस म्हणूनच अधिक सावधगिरीचे मानले जातात.

लक्षणे

सौम्य अवस्थेत मांजर अस्वस्थ होते, अवेळी खायला मागते, थरथरते किंवा नेहमीपेक्षा सुस्त दिसते. साखर आणखी उतरल्यास चाल लडखडते, बाहुल्या विस्फारतात, मांजर विचित्र आवाजात ओरडते, कोपऱ्यात डोके खुपसून बसते किंवा ओळखीच्या माणसांना ओळखत नाही. त्यापुढे आकडी, बेशुद्धी व मृत्यू असा क्रम असू शकतो. तथापि हा क्रम पाळला जाईलच असे नाही. काही मांजरे ४० मिलिग्रॅमच्या आसपासही शांत बसलेली आढळतात, तर काहींमध्ये घरच्यांना दिसलेले पहिले लक्षण आकडी हेच असते. मांजर निमूटपणे आडोसा शोधणारा प्राणी असल्याने सौम्य लक्षणे नजरेतून सुटणे स्वाभाविक आहे.

इन्शुलिन दिल्यानंतर किती तासांनी लक्षणे दिसतील हे इन्शुलिनच्या प्रकारावर अवलंबून असते. लेंटे प्रकारचे इन्शुलिन काही तासांत उच्चांक गाठते. ग्लार्जिनचा परिणाम अधिक सपाट व लांब असतो, त्यामुळे अतिमात्रा झाल्यास त्याची घसरणही रेंगाळते.

प्रथमोपचार

मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर त्याला ताबडतोब खायला दिले जाते, शक्यतो नेहमीपेक्षा जास्त कर्बोदके असलेले. खात नसल्यास मध, ग्लुकोज पावडरचे दाट द्रावण किंवा मक्याचा पाक हिरड्यांवर थोडाथोडा चोळतात. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत मक्याच्या पाकाचा उल्लेख सर्वत्र असतो. भारतीय घरांत मध व ग्लुकोज पावडर हेच सहज हाताशी असते व ते तितकेच चालते. साध्या साखरेचे पाणी काहीच नसल्यापेक्षा बरे, परंतु मांजराच्या आतड्यात उसाची साखर फोडणारे विकर कमी असल्याने ग्लुकोज अधिक भरवशाचे आहे. ‘शुगर-फ्री’ पदार्थांचा अर्थातच काही उपयोग नाही.

गोड पदार्थ पुढे ठेवल्यास मांजर तो आपणहून चाटेल अशी अपेक्षा व्यर्थ असते. मांजरांमध्ये गोड चवीच्या ग्राहकासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक निकामी आहे, हे फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. मांजराला गोडाची चवच कळत नाही, त्यामुळे ग्लुकोज त्याला भरवावेच लागते.

हिरड्यांमधून ग्लुकोज फारसे शोषले जात नाही. बहुतेक भाग गिळला गेल्यावरच काम करतो. बेशुद्ध किंवा आकडी आलेल्या मांजराच्या तोंडात द्रव ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याचा धोका असतो. अशा वेळी हिरड्यांना अगदी थोडा मध लावून मांजराला तत्काळ दवाखान्यात नेणे इष्ट ठरते. आकडी चालू असताना बोटे दातांमध्ये घालू नयेत. साखर मोजण्याची सोय असल्यास मोजावी, मात्र मोजण्यासाठी उपचार थांबवू नयेत: साखर जास्त असताना चुकून दिलेला मध फारसे नुकसान करत नाही, पण साखर उतरलेली असताना तो न दिल्यास नुकसान होते.

मध दिल्यावर मांजर पंधरा-वीस मिनिटांत उठून चालू लागले की धोका टळला असे वाटते. इन्शुलिनचा परिणाम मात्र अजून कित्येक तास चालू असतो व दिलेले ग्लुकोज संपताच साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून लक्षणे गेली तरी पशुवैद्यकाशी संपर्क साधणे आणि पुढील इंजेक्शन त्यांच्या सल्ल्याशिवाय न देणे आवश्यक असते.

रुग्णालयातील उपचार

५० टक्के डेक्स्ट्रोजचे द्रावण प्रतिकिलो वजनास अर्धा ते एक मिलिलिटर या प्रमाणात, सलाइनमध्ये पातळ करून, शिरेवाटे काही मिनिटांत सावकाश दिले जाते. पातळ न केल्यास ते शिरेचा दाह करते. त्यानंतर अडीच ते पाच टक्के डेक्स्ट्रोज असलेले सलाइन सतत चालू ठेवतात व साखर वारंवार, सुरुवातीला दर तासाला किंवा त्याहून लवकर मोजतात. इन्शुलिनमुळे रक्तातील पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जात असल्याने त्यावरही लक्ष ठेवावे लागते. एवढ्याने साखर टिकत नसल्यास ग्लुकॅगॉनचा संथ शिरेवाटे वापर हा पुढचा पर्याय आहे. ग्लुकोज देऊनही आकडी थांबत नसेल तर डायझेपाम, मिडाझोलाम किंवा लेव्हेटिरॅसिटाम ही औषधे वापरतात. मेंदूला सूज आल्याची शंका असल्यास मॅनिटॉल दिले जाते.

दीर्घ परिणामाच्या इन्शुलिनची मोठी अतिमात्रा झाल्यास डेक्स्ट्रोज एका दिवसाहून अधिक काळ चालू ठेवावे लागू शकते. ते एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि मांजर स्वतःहून खाऊ लागले व सलाइनशिवाय साखर टिकून राहिली की घरी सोडतात.

झटक्यानंतरची देखभाल

इन्शुलिन पुन्हा सुरू करणे

रक्तातील साखर पुन्हा स्पष्टपणे वाढलेली दिसेपर्यंत इन्शुलिन दिले जात नाही. ती वाढल्यावरही पूर्वीची मात्रा तशीच सुरू करत नाहीत. लक्षणांसह झटका आला असल्यास मात्रा सुमारे निम्म्यावर आणावी, अशी शिफारस अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत आहे. लक्षणे नसताना केवळ मोजणीत साखर कमी आढळली असल्यास कपात त्याहून लहान असू शकते. झटक्याचे कारण मात्रेबाहेरचे, उदाहरणार्थ चुकीची सिरिंज किंवा दुहेरी इंजेक्शन, असे निश्चित सापडले तर निर्णय वेगळा होऊ शकतो. त्यासाठी सिरिंज, बाटली व इंजेक्शन देण्याची पद्धत पशुवैद्यकाला प्रत्यक्ष दाखवणे उपयुक्त ठरते. बऱ्याच गल्लती तोंडी वर्णनात कधीच उघड होत नाहीत.

या टप्प्यावर एक फसगत नेहमी होते. साखर घसरल्यावर शरीराने सोडलेल्या ग्लुकॅगॉन व ॲड्रिनलिनमुळे, तसेच दिलेल्या ग्लुकोजमुळे, पुढील एकदोन दिवस साखर खूप वर जाऊ शकते. त्यात दवाखान्यातील भीतीची भर पडते. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. हे वाढलेले आकडे पाहून जुनी मात्रा परत दिली किंवा वाढवली की दुसऱ्या झटक्याची तयारी होते. साखर खाली जाऊन उसळी मारण्याच्या या घटनेला, तिचे वर्णन १९३८ मध्ये करणारे सेंट लुइस येथील हंगेरियन वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोगी यांच्यावरून, सोमोगी परिणाम म्हणतात. मांजरांतील प्रत्येक न उतरणाऱ्या साखरेचे खापर पूर्वी या परिणामावर फोडले जाई. साखर सतत मोजण्याची साधने आल्यानंतर तो समजला जात होता तितका सर्रास नसावा, असे मत बळावले आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मात्र त्याचा विचार करणे योग्यच ठरते.

दुसऱ्या बाजूचा धोका भीतीतून येतो. मांजराला आकडी आलेली पाहिलेल्या घरात इंजेक्शन पुन्हा हातात घेणे अवघड जाते, आणि ‘थोडी साखर वाढलेली बरी’ म्हणून इन्शुलिन आठवडाभर टाळले जाते. काही काळ साखर जास्त राहणे खरोखरच झटक्यापेक्षा कमी घातक आहे व पशुवैद्यकही सुरुवातीला सैल नियंत्रणच पसंत करतात. परंतु इन्शुलिनची खरी गरज असलेल्या मांजरात ते पूर्ण बंद राहिल्यास शरीर चरबी जाळू लागते व किटोन साचतात. भूक मंदावणे, ओकाऱ्या, मलूलपणा ही किटोॲसिडोसिसची चिन्हे असतात. घरी लघवीच्या पट्टीने किटोन तपासता येतात. मात्र ही पट्टी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा प्रमुख किटोन ओळखत नाही, त्यामुळे सौम्य रंगबदलही गांभीर्याने घ्यावा लागतो.

इन्शुलिनची धास्ती बसलेल्यांना गोळ्यांचा पर्याय आकर्षक वाटतो. अमेरिकेत बेक्सॅग्लिफ्लोझिन (डिसेंबर २०२२) व वेलाग्लिफ्लोझिन (२०२३) या तोंडावाटे देण्याच्या औषधांना मांजरांसाठी मान्यता मिळाली. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात व त्यांनी रक्तशर्करान्यूनता क्वचितच होते. पण किटोॲसिडोसिसच्या धोक्यामुळे यापूर्वी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांना ती देऊ नयेत असा इशारा दोन्ही औषधांच्या अमेरिकी माहितीपत्रकात आहे. झटक्यानंतर इन्शुलिन सोडून या औषधांकडे वळणे म्हणूनच वाटते तितके सोपे नाही. ग्लिपिझाइडसारख्या जुन्या गोळ्यांनी तर साखर घसरूही शकते.

मज्जासंस्थेची भरपाई

रक्तातील साखर मिनिटांत सुधारते, मेंदू त्या गतीने सुधारत नाही. दीर्घकाळ ग्लुकोज न मिळाल्यास मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी मरू शकतात. अशा मांजरात साखर सामान्य झाल्यावरही गोंधळलेपणा, गोल फिरत राहणे, तोल जाणे, मलमूत्राची जागा विसरणे किंवा अंधत्व दिसते. हे अंधत्व डोळ्यांचे नसते: उजेडात बाहुली नेहमीसारखी आकसते, दृष्टिपटल निरोगी असते, परंतु दृश्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग काम करत नाही.

अनेक मांजरे काही तासांत ते काही दिवसांत पूर्ववत होतात. काहींना आठवडे लागतात आणि काहींमध्ये उणीव कायम राहते. पहिल्या दिवशीच्या स्थितीवरून अंतिम निकाल सांगता येत नाही, त्यामुळे आंधळे व दिशाहीन झालेले मांजर पाहून लगेच दयामरणाचा निर्णय घेण्याऐवजी थोडे थांबावे, असा सल्ला सहसा दिला जातो. दिवसागणिक थोडी का होईना सुधारणा दिसत राहणे हे चांगले चिन्ह असते. बेशुद्धी किंवा आकडी जितकी लांबली तितकी पूर्ण भरपाईची शक्यता कमी होते. साखर सामान्य असतानाही आकडी येत राहिल्यास फेनोबार्बिटल किंवा लेव्हेटिरॅसिटाम दीर्घकाळ द्यावे लागते. मेंदूच्या सुजेसाठी स्टेरॉइड देणे मधुमेही मांजरात टाळले जाते, कारण ती औषधे साखरेचे गणित आणखी बिघडवतात.

घरातील व्यवस्था

बरे होणाऱ्या मांजराला एका खोलीत ठेवणे सोयीचे असते. पाणी, खाद्य, अंथरूण व कमी उंचीच्या कडांची मलपात्राची पेटी जवळजवळ व नेहमी त्याच जागी असावी. दिसत नसलेले मांजर वास व स्मरणशक्ती यांच्या आधाराने वावरते, त्यामुळे वस्तू हलवल्या की त्याची घडी विस्कटते. जिना अडवावा. बहुमजली इमारतींत बाल्कनी व खिडक्यांना जाळी नसल्यास त्या बंद ठेवाव्यात. अचानक उचलण्याआधी आवाज द्यावा, अन्यथा घाबरून ते ओरबाडते. याचा अर्थ स्वभाव कायमचा बिघडला असा घेऊ नये.

खाणे हा या काळातील कळीचा मुद्दा आहे. मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास, विशेषतः लठ्ठ असल्यास, यकृतात चरबी साचण्याचा गंभीर विकार होऊ शकतो. शिवाय ते खात नसेल तर इन्शुलिन सुरक्षितपणे देता येत नाही. खाद्य किंचित कोमट करून वास वाढवणे, हाताने भरवणे, गरज पडल्यास मिर्टाझापिनसारखे भूक वाढवणारे औषध किंवा नळीवाटे आहार, असे उपाय क्रमाने केले जातात. या दिवसांत खाद्याचा प्रकार बदलणे टाळतात. आहार, वजन व मात्रा यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलली तर साखर का चढली वा उतरली हे समजू शकते.

साखरेचे मोजमाप

घरी मोजलेली साखर दवाखान्यातील आकड्यांपेक्षा अधिक बोलकी असते, कारण तिच्यात भीतीचा अंश कमी असतो. कानाच्या कडेची शीर कोमट कापडाने शेकून तेथे सुई टोचून किंवा पंजाच्या गादीतून थेंबभर रक्त घेतात. मांजराच्या रक्तात ग्लुकोज मुख्यतः द्रवभागात असते व तांबड्या पेशींत फारच थोडे असते. माणसाच्या रक्तात ही वाटणी वेगळी असल्याने माणसांसाठीचे ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षाहून काहीशी कमी दाखवतात. प्राण्यांसाठी जुळवलेली उपकरणेही मिळतात. कोणतेही एक उपकरण निवडून सातत्याने तेच वापरणे महत्त्वाचे. दोन उपकरणांच्या आकड्यांची तुलना दिशाभूल करते.

कातडीवर चिकटवून सतत साखर मोजणारे सेन्सर, विशेषतः माणसांसाठी बनवलेले फ्रीस्टाइल लिब्रे, झटक्यानंतरच्या दिवसांत फार उपयोगी पडतात. रात्री घरचे झोपलेले असताना साखर कोठवर जाते हे त्यांतून दिसते. सेन्सरची मुदत १४ दिवसांची असली तरी मांजराच्या अंगावरून तो बहुधा त्याआधीच सुटतो. तो रक्तातील नव्हे तर कातडीखालील ऊतीद्रवातील ग्लुकोज मोजतो, म्हणून साखर वेगाने बदलत असताना त्याचे वाचन काही मिनिटे मागे राहते. मांजर त्या बाजूवर झोपले तरी खोटे कमी आकडे येतात. संशयास्पद वाचन सुई टोचून पडताळणे आणि लक्षणे दिसत असल्यास पडताळणीचीही वाट न पाहणे, अशी पद्धत आहे.

फ्रुक्टोसामीन ही रक्तचाचणी मागील एक ते तीन आठवड्यांतील सरासरी साखर दाखवते. सरासरी असल्याने एखाद्या रात्रीची खोल घसरण तिच्यात लपून जाते. मात्र मधुमेही मांजराचे फ्रुक्टोसामीन निरोगी मांजराइतके किंवा त्याहून कमी आल्यास साखर वरचेवर फार खाली जात असावी किंवा मधुमेह ओसरत असावा, असा अर्थ निघतो.

रोगशमन

काही मांजरांमध्ये तीव्र झटका ही मधुमेह ओसरत असल्याची पहिली खूण असते. बीटा पेशी सावरून स्वतःचे इन्शुलिन तयार करू लागतात, बाहेरून दिलेले त्यात मिळते आणि साखर कोसळते. इन्शुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर सामान्य राहिली व मधुमेहाची लक्षणे दिसली नाहीत, तर त्यास रोगशमन मानण्याचा प्रघात आहे. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, कमी कर्बोदकांचा आहार व दीर्घ परिणामाचे इन्शुलिन लवकर सुरू झाले असल्यास आणि स्टेरॉइडमुळे मधुमेह झालेला असल्यास त्याची शक्यता जास्त असते.

म्हणून झटक्यानंतर इन्शुलिन थांबवलेल्या काळातील साखरेच्या नोंदींना दुहेरी महत्त्व येते. साखर एकदोन दिवसांत चढली तर कमी मात्रेने उपचार पुन्हा सुरू होतात. ती सामान्यच राहिली तर इन्शुलिन न देता केवळ मोजणी चालू ठेवली जाते. उलट पूर्वी फार मोठी मात्रा लागत असलेल्या मांजराला झटका आला असेल तर वृद्धिसंप्रेरकाच्या अतिस्रावाची (ॲक्रोमेगली) तपासणी सुचवली जाते. ब्रिटनमधील एक हजारांहून अधिक मधुमेही मांजरांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मांजरांत या विकाराचा संशय घेण्याइतके पुरावे आढळले होते. अशा मांजरांत इन्शुलिनला होणारा विरोध कमीजास्त होत राहतो व मोठ्या मात्रेवर अचानक घसरण होऊ शकते.

रोगशमन झालेल्या मांजरांपैकी काहींमध्ये मधुमेह महिन्यांनी किंवा वर्षांनी परततो. वजन आटोक्यात ठेवणे, कमी कर्बोदकांचा आहार चालू ठेवणे व स्टेरॉइड टाळणे यांबरोबरच अधूनमधून साखर मोजत राहण्याचा सल्ला त्यांच्या पालकांना दिला जातो. तहान व लघवीचे प्रमाण पुन्हा वाढणे ही परतीची नेहमीची पहिली खूण असते. इन्शुलिन पुन्हा सुरू करण्याची वेळ आल्यास फ्रिजमध्ये उरलेली जुनी बाटली व जुनी मात्रा वापरली जात नाही. नव्याने निदान झालेल्या मांजराप्रमाणेच लहान मात्रेपासून सुरुवात केली जाते.